डावं खाली

१२ जून

खोकं आलं. माझ्या कापायच्या टेबलाएवढं लांब. आणून देणाऱ्यानं विचारलं, "बाई, पडद्याचे रॉड का?" मी म्हटलं, "नाही, विमान आहे." तो हसला. हसू दे. हसणाऱ्यांची यादी माझ्याकडे तयार आहे, त्यात एकाची भर.

वही कशासाठी सुरू करतेय ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे माझा राग मऊ पडलाच तर काढून वाचता येईल. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत दादाचं विमान सुटल्यावर तिसऱ्या सेकंदाला उलटं होऊन जमिनीत घुसलं. रिमोटवर उडणारं, कसरती करणारं, चौदा महिने खपून त्यानं स्वतः बांधलेलं विमान. हातात पंखाचा तुकडा धरून तो सगळ्या क्लबसमोर माझ्याकडे बघत म्हणाला, "हिला जन्मात डावं-उजवं कळलं नाही." चाळीस माणसं खो-खो हसली. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या डाव्या-उजव्या बाह्या लावतेय, एक उलटी लागली नाही. दुसऱ्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक कोट देताना म्हणालं, "ताई, उजवा खिसा उजवीकडेच लावा हं." तेव्हापासून मी दादाशी बोललेले नाही.

येत्या नोव्हेंबरात, त्याच मैदानावर, माझ्या हातांनी जोडलेल्या विमानानं मी त्याला हरवणार. आणि बक्षीस घेताना माइकवर एक वाक्य बोलणार. वाक्य अजून ठरायचंय. उट्टं काढायचं तर नीट काढायचं, कच्चा टाका नको.

१५ जून

नेमकं काय झालं तेही नोंदवते. रिमोटवरची स्टिक डावीकडे नेली की विमानाच्या डाव्या पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी वर उठते, उजवी खाली जाते आणि विमान डावीकडे कलतं. या पट्ट्यांना एलेरॉन म्हणतात. उडवण्याआधी तपासणी असते. पायलट मागे लांब उभा राहून स्टिक हलवतो, तिथून त्याला पट्ट्या नीट दिसत नाहीत, समोर उभा असलेला माणूस काय दिसतं ते ओरडून सांगतो. समोरचं काम नेहमी मिशीवाल्याचं, दादाच्या क्लबातल्या दोस्ताचं. मी चार वर्षं मागे बसून शेपूट धरायचे, तो काय ओरडतो तिकडे माझं लक्ष नसायचं. त्या दिवशी मिशीवाल्याची दाढ काढलेली होती, बोलता येत नव्हतं. म्हणून शेपूट दोरीनं खुंटीला बांधलं आणि मला समोर उभं केलं.

सकाळीच आमची खडाजंगी झालेली. शेपटीचा जोड मला कच्चा वाटला, तसं मी म्हटलं. चार लोकांदेखत दादा खेकसला, "तू फक्त दिसतं ते सांग. अक्कल लावू नकोस."

मग त्यानं स्टिक डावीकडे नेली. मी सांगितलं, "डावं खाली." तो म्हणाला, "ठीक." उजवीकडे नेली. "उजवं खाली." "ठीक." आणि उडवलं. आदल्या दिवशी त्यानं नवे सर्व्हो बसवले होते, म्हणजे पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटारी. त्या उलट्या फिरत होत्या आणि रिमोटमध्ये दिशा बदलायला तो विसरला होता. चूक त्याची, आणि बोल मला.

माझं चुकणं शक्यच नाही. आमच्या धंद्यात डावं म्हणजे घालणाऱ्याचं डावं. गिऱ्हाईक समोर उभं असलं की त्याचा डावा खांदा माझ्या उजव्या हाताशी येतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मी दिसलं ते सांगितलं. बरोबर की चूक ते त्यानं ठरवायचं होतं. तसंच तर तो म्हणाला होता.

२८ जून

गोंदकाका आज दुकान बंद करून मदतीला आले. त्यांचं मॉडेल विमानांचं दुकान आहे आणि त्यांची दोन बोटं कायम एकमेकांना चिकटलेली असतात. गेले सहा महिने त्यांच्याच जुन्या शिकाऊ विमानावर पहाटे-पहाटे मी हात बसवला. क्लबात कुणाला बोलले नाहीत. माणूस भला आहे.

सांगाडा बाल्साच्या लाकडाचा, इतका हलका की शिंक आली तर उडेल. बिजागऱ्या बसवल्या. पातळ गोंदाचा एकेक थेंब, जास्त झाला तर पट्टी जाम. मग फिल्म. ही प्लास्टिकची रंगीत फिल्म इस्त्रीनं चिकटवायची असते आणि उष्णतेनं ती आक्रसून ताणली जाते. क्लबातले सगळे पुरुष इथे हात टेकतात, त्यांच्या पंखांना म्हातारीच्या गालासारख्या सुरकुत्या. मी कडेकडेनं गेले, मग मध्यावर आले, तासाभरात पंख ढोलासारखा वाजला. गोंदकाका बघतच राहिले. म्हणाले, "ताई, तुम्ही आधी कुठे होता?" मी म्हटलं, "शेपूट धरून बसले होते."

वरून पिवळा, खालून काळे पट्टे. हवेत पोट कुठलं नि पाठ कुठली ते कळायला हवं. दादालाही लांबून कळायला हवं की हे कुणाचं आहे.

९ जुलै

वहिनी आली. दादाच्या तीन पँटी घेऊन. आमचं भांडण वहिनीनं मान्यच केलेलं नाही, ती दोन्हीकडे जाते-येते. कंबर दोन इंच आत घ्यायची आहे. मार्चमध्येही एक इंच घेतली होती.

"जेवत नाही का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"जेवतात. पण पानावर बसल्यासारखं करतात. आणि खालच्या खोलीत फिरकतच नाहीत गं. कामाच्या टेबलावर धूळ साचलीय, मी पुसायला गेले तर म्हणाले राहू दे."

ऐकून बरं वाटलं. लिहिताना लाज वाटत नाही. दादा आता तयार विमानं विकत आणून उडवतो. आयत्या बिळावर नागोबा. स्वतः बांधायची हिंमत संपली म्हणायची. मी तिन्ही पँटी नीट शिवून दिल्या. त्याच्यावरचा राग कापडावर काढायचा नसतो.

२० जुलै

आज डोकंच फिरलं. गोंदकाका टेबलाच्या पलीकडे, मी अलीकडे, मध्ये विमान. मी म्हटलं, "लांब वायरचा सर्व्हो डाव्या पंखात बसवा." त्यांनी बसवला आणि चिकटवूनही टाकला, उजव्यात! दोन तास उकरत बसलो.

"अहो काका, डावा म्हटलं होतं."

"डावाच बसवला की. हा बघा माझा डावा."

"तुमचा कशाला? विमानाचा. विमान काय तुम्ही अंगात घातलंय?"

ते इतके हसले की चहा सांडला. "बरं बाई, आमचं चुकलं. इथून पुढे पंखाला हात लावून विचारत जाईन."

काय माणसं आहेत. एकालाही डावं-उजवं धड कळत नाही, आणि नाव माझं बद्दू.

४ ऑगस्ट

मोटार बसवली. बॅटरी जोडण्याआधी प्रॉपेलर काढून ठेवायचा, नाहीतर बोटं जातात, हे गोंदकाकांनी मला सहा वेळा सांगितलं. काढला. मोटार फिरली ती उलटी. माझा चेहरा पडला, पण यावर उपाय दोन मिनिटांचा. मोटारीच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की झालं. माणसांनाही अशा तीन वायरी असत्या तर मी दादाच्या दोन कधीच बदलल्या असत्या.

वाक्यावर काम चालू आहे. "नाचता येईना अंगण वाकडं, हे काहींनी शिकावं." फार गुळमुळीत. "ज्यांना डावं-उजवं कळत नाही त्यांचं विमान आज पहिलं आलंय." हे बरं आहे, पण पहिलं यावं लागेल. "दादा, तुझा डावा हात वर कर बघू." हे मला सगळ्यात आवडलं. चाळीस माणसं हसतील आणि तो हात कुठे ठेवावा म्हणून बघत बसेल. कपड्यांना बटणं लावताना हे वाक्य मी मनात घोळवते आणि टाके भराभर पडतात.

३१ ऑगस्ट

उडालं! त्याआधी आठवडा तोल साधण्यात गेला. पंखाखाली दोन बोटं धरून विमान उचलायचं, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. माझं शेपटीकडे बसत होतं. बॅटरी बोटभर पुढे सरकवली तेव्हा जमलं.

गोंदकाकांनी मागून शेपूट धरलं, तिथूनच पट्ट्या बघून सांगितल्या आणि सोडलं. चार पावलांत जमीन सुटली. विमान अंगावर येऊ लागलं की नवशिक्यांची गाळण उडते, कारण मग त्याचं डावं आपल्या उजवीकडे येतं. मला काहीच वाटलं नाही. समोर गिऱ्हाईक उभं आहे असं समजून मी वळवलं. काकांनी टाळ्या वाजवल्या. मी रडले. रागानंच रडले असणार.

२१ सप्टेंबर

रोज पहाटे सराव. उलटं उडवणं जमलं, स्वतःभोवती गिरक्या जमल्या. एका पंखावर उभं करून सरळ रेषेत नेणं अजून डगमगतं.

आज मैदानाच्या कुंपणापलीकडे दादाच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उभी होती. डोक्यावरच्या पाटीवरून ओळखली. आत तो एकटा. हेरगिरी! मी मुद्दाम अवघड प्रकार केले. तो खाली उतरून कुंपणाला हात टेकून उभा राहिला. माझं विमान उतरेपर्यंत जागचा हलला नाही, मग गाडीत बसून गेला. उतरतानाच तर सगळ्यात जास्त विमानं मोडतात, मोडेल म्हणून वाट बघत असणार. नाही मोडलं. बस आता चरफडत.

८ नोव्हेंबर

उद्या. बॅटऱ्या भरल्या. स्क्रू तपासले. वाक्य कागदावर लिहून कोटाच्या खिशात ठेवलंय. उजव्या.

९ नोव्हेंबर

आधी आदळआपट. एक परीक्षक आला नाही, म्हणून ऐनवेळी गोंदकाकांना खुर्चीत बसवलं. परीक्षकाला कुणाला मदत करता येत नाही. आणि गेल्या वर्षीपासून नियमच आहे, समोर माणूस उभा करून तपासणी मोठ्यानं झाल्याशिवाय विमान सोडायचं नाही. माझ्यामुळे केलेला नियम म्हणे. माझं नाव पुकारलं. मी शेपूट खुंटीला बांधलं आणि समोर उभं राहायला कुणी येतंय का बघू लागले. सगळे आपापल्या विमानांत डोकी घालून.

दादा उठला. प्रॉपेलरपासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. पँट माझीच शिवलेली, पुन्हा सैल झालेली.

नको म्हणायला तोंड उघडत होते, पण घड्याळ लावलेलं होतं. स्टिक डावीकडे नेली.

"उजवं वर," दादा ओरडला.

उजवं वर म्हणजे उलटं! काल रात्रीपर्यंत बरोबर होतं. मी स्टिक तशीच धरून, रिमोट हातात घेऊन विमानाला वळसा घालून गेले आणि पट्टी बघितली. डावीच वर होती. जशी हवी तशीच. मला वाटलं, हा खोटं बोलतोय. माझी फेरी घालवायला बघतोय.

"दादा, कुणाचं उजवं?" वर्षभरानंतर त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"माझं. अजून कुणाचं?" त्यानं उजवा हात वर करून दाखवला.

तो हात तसाच वर राहिला.

"गेल्या वर्षी तू डावं खाली म्हणालीस," तो हळू म्हणाला. "ते कुणाचं?"

"विमानाचं. आमच्यात घालणाऱ्याचं डावं असतं."

"मिशीवाला त्याचं सांगतो. मी मनात उलटवून घेतो. तुझंही उलटवलं."

तो आयुष्यभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसलाय. शेजारच्याचं डावं तेच आपलं डावं, आणि समोरचा माणूस आपलं स्वतःचं सांगतो, एवढंच त्याला ठाऊक. मी आयुष्यभर लोकांसमोर उभी. दोघांनीही कधी विचारलं नाही, कारण दोघांनाही खात्री होती.

"ताई, दोन मिनिटं उरली!" गोंदकाका खुर्चीतून ओरडले.

दादानं स्वतः शेपटीची दोरी सोडली. "उडव," म्हणाला.

कसं उडवलं ते आठवत नाही. दुसरी आले. पहिला मिशीवाला. दादा चौथा.

बक्षिसाच्या वेळी मी खिशात हात घालून कागद चाचपत होते, तोवर दादानंच माइक मागून घेतला. म्हणाला, "गेल्या वर्षी माझ्या बहिणीनं मला बरोबर सांगितलं होतं. मी उलटं ऐकलं. चूक माझी होती, आणि तुम्हा सगळ्यांसमोर मी तिला नको ते बोललो." चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. कोटाच्या खिशावरून टोमणा मारणारं ते गिऱ्हाईकही त्यात होतं, तेही वाजवत होतं. वहिनीनं डोळे पुसले. दादा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चल, घरी जेवायला चल."

गेले. जेवले. सगळं मिळालं, मागितल्यापेक्षा जास्त.

१० नोव्हेंबर

दुकान उघडलं नाही. वही पहिल्यापासून वाचली.

"मी दिसलं ते सांगितलं. बरोबर की चूक ते त्यानं ठरवायचं होतं." किती साळसूद लिहिलंय. आणि त्याच्याच वर, त्याच पानावर, माझ्याच अक्षरात लिहिलंय की स्टिक डावीकडे नेली तर डावं वर जातं.

चार वर्षं शेपूट धरून मी त्या पट्ट्या बघितल्या होत्या. गेल्या वर्षी "डावं खाली" म्हणताना मला माहीत होतं की हे उलटं आहे. तो "ठीक" म्हणाला तेव्हा मी दचकले. अरे, ठीक कसं? तोंडाशी आलं होतं. मग वाटलं, अक्कल लावायची नाही ना? बरं. नाही लावत. जरा पडू दे तोंडावर. फार तर एक पंख मोडेल, मग येईल विचारायला.

एवढंच वाटलं होतं. तिसऱ्या सेकंदाला विमान जमिनीत गेलं तेव्हा मी ओरडले, आणि त्या ओरडण्याच्या आत कुठेतरी बरंही वाटलं. मग तो जे बोलला त्याचा मला इतका राग आला की आधीचं सगळं त्याखाली झाकलं गेलं. मी वर्षभर सूड घ्यायला निघाले होते. तो तर मी आधीच घेऊन बसले होते.

काल माइकवर तो म्हणाला, चूक माझी. आणि मी बक्षिसाचा कप धरून उभी राहिले, टाळ्या घेत.

कुणी विचारणार नाही. कुणाला कळायचा मार्गच नाही. गप्प बसले तर भाऊ परत मिळालाय, नावही परत मिळालंय. झाकली मूठ. पण काल जेवताना तो माझ्या ताटात वाढत होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. वर्षभर त्याच्यावर चिडून मी पोटभर जेवले, आणि काल घास उतरेना.

११ नोव्हेंबर

दुपारी ड्रायव्हिंग स्कूलवर गेले. दादा गाडीत बसून पुढच्या शिकाऊची वाट बघत होता. मी दार उघडून शेजारी बसले. तो खुशीत होता. मी काही बोलायच्या आत सांगू लागला, काल रात्री खालची खोली झाडली, बाल्साची ऑर्डर दिली, पंख या वेळी जरा लांब घेणार आहे. "आणि फिल्म तू लावायची. माझ्या सुरकुत्या आता पुरे झाल्या."

मी सांगितलं. मान खाली घालून, एका दमात, जसं वर लिहिलंय तसं. "मला कळलं होतं दादा. तू ठीक म्हणालास तेव्हा मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले."

तो समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होता. शिकाऊ बाई आल्या, खिडकीशी थांबल्या, त्यानं हातानं थांबा म्हणून खूण केली. हात खाली घ्यायला त्याला वेळ लागला.

"मी ठीक म्हटल्यापासून विमान सुटेपर्यंत," तो म्हणाला, "तुझ्याकडे किती वेळ होता?"

खोटं बोलता आलं असतं. तो तेच ऐकायला थांबलाय असं वाटलं.

"शेपटीची दोरी मीच सोडली," मी म्हटलं. "दोन गाठी होत्या. दुसरी घट्ट बसली होती."